चुलीवरची तीन कणसं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे गावप्रमुख माननीय चिंगोंडो. जिल्ह्याच्या शेती कचेरीतून खड्डे चुकवत चुकवत वेळेवर पोचलेले प्रमुख पाहुणे श्रीमान चिसाले. व्यासपीठावर स्वखुशीने बसलेले आणि आग्रहाने बसवलेले सर्व मान्यवर. गावातले वडीलधारे मामा आणि आया. आसपासच्या गावांतून सायकली मारत आलेल्या चौदा शेतीसल्लागार भगिनी. नेहमीप्रमाणे खुर्ची न मिळाल्यामुळे मागच्या भिंतीला टेकून उभे असलेले माझे जावईबंधू. आणि जिच्यासाठी आपण आज शाळेचे बाक बाहेर काढून ही खोली सजवली, ती सत्कारमूर्ती श्रीमती फाइनेसी कालिंडे, आपणा सर्वांना माझा आदरपूर्वक नमस्कार.

तिसऱ्या रांगेत खिडकीपाशी निळ्या चितेंजेचं कापड कमरेला गुंडाळून एक आदरणीय व्यक्ती बसली आहे. त्यांना मी वेगळा नमस्कार केलेला नाही. मी तिकडे बघतही नाही. का, ते गावाला ठाऊक आहे. पाहुण्यांना सांगतो, जरा दम धरावा.

संयोजकांनी मला सात मिनिटं दिली आहेत. शाळामास्तरला माइकसमोर उभं करून सात मिनिटं देणाऱ्यांच्या श्रद्धेचं मला कौतुक वाटतं. बाहेर कोंबडी शिजते आहे, तिचा वास आत येऊ लागला आहे, आणि त्या वासाशी स्पर्धा करण्याची माझी ताकद नाही. तरीही मला बोलू द्या. उद्या सकाळी गाडी येईल आणि फाइनेसी जिल्ह्याच्या प्रशिक्षण केंद्रावर निघून जाईल. अकरा वर्षं ती ओढा ओलांडून आमच्याकडे येत होती. आता ती जिल्हाभरच्या बायकांना शेतीसल्लागार व्हायला शिकवणार. आजवर तिच्याबद्दल एक गोष्ट मी सांगितलेली नाही. आज नाही सांगितली तर मग कधी?

श्रीमान चिसाले, आपण उत्तरेकडचे. तुमच्याकडे मुलगी लग्न करून नवऱ्याच्या गावी जाते. आमच्याकडे नवरा बायकोच्या गावी येतो. येताना एक कुदळ आणि एक चटई आणतो. जमीन बायकोची, तिच्या आईची, तिच्या आजीची. जावई घर बांधतो, पहिल्या हंगामात सासूच्या शेतात राबून आपण आळशी नाही हे दाखवतो, आणि मग आयुष्यभर पाहुणा म्हणून राहतो. मी बावीस वर्षं इथे पाहुणा आहे. पाहुण्याने नीट वागायचं असतं. नाही वागला, तर बायकोचा मामा त्याची चटई गुंडाळून दाराबाहेर ठेवतो. बोलायची गरज पडत नाही.

दुसरी रीत. जावई सासूशी समोरासमोर बोलत नाही. सासूही जावयाशी बोलत नाही. वाटेत ती आली तर मी बाजूच्या मक्यात शिरतो. यात राग नाही, आदर आहे. फार आदर आहे. बावीस वर्षांत आमचं एकदाही भांडण झालेलं नाही, हे इथल्या किती नवराबायकोंना सांगता येईल?

आता सरकारकडे वळू. फाइनेसी येण्याआधी बारा वर्षं कचेरीतून शेतीचे सल्लागार येत. सगळे पुरुष, सगळे भले. त्यांच्याजवळच्या कागदावर पहिला रकाना असे, कुटुंबप्रमुखाचं नाव. ते दारात येऊन विचारत, "घरातला पुरुष कोण?" आणि आम्ही जावई एक पाऊल पुढे टाकून नाव सांगत असू. मला अक्षरं येत होती म्हणून मी शेतकरी क्लबाचा चेअरमनही झालो. माझी एकोणीस प्रशिक्षणं झाली. एकोणीस. चहा, बनपाव, टोपी, प्रशस्तिपत्र. माझ्या घराच्या भिंतीवर मातीपेक्षा प्रशस्तिपत्रं जास्त दिसतात. दोन वरंब्यांत अंतर किती, दाणे किती, खत केव्हा, मला सगळं पाठ होतं. पण शेत कुणाचं? सासूबाईंचं. आणि सासूबाईंशी बोलायची मला परवानगी होती का?

एकदा धीर करून मी बायकोला, एनेलेसीला म्हणालो, "तुझ्या आईला सांग, एका भोकात तीन-तीन दाणे टाकू नका. एकच टाका, आणि जवळ जवळ टाका."

ती म्हणाली, "कुणी सांगितलं म्हणून सांगू?"

"मी."

"तुम्ही माझ्या आईला पेरणी शिकवणार?"

"मी नाही गं. सरकार शिकवतंय."

"मग सरकारलाच पाठवा. सरकार काही आईचा जावई नाही."

तिथे ते प्रशिक्षण संपलं. पाहुण्यांना वाटेल मी गंमत करतोय. मागच्या भिंतीकडे बघा, साहेब. ते सगळे प्रशिक्षित आहेत. बारा वर्षं सरकारने या गावात, माणूस निवडून निवडून, नेमका जमीन नसलेला आणि बोलायला बंदी असलेला शिकवला.

आणि मग अकरा वर्षांपूर्वी ओढ्यापलीकडून सायकलवर ही बाई आली. पाठीला मूल बांधलेलं, हँडलला गाठी मारलेली दोरी, आणि पिशवीत बाटल्यांची झाकणं. सहा आठवडे केंद्रावर राहून शिकली होती. तिच्या आधी आमच्याकडे शेतीवर बोलायला बाई कधी आली नव्हती. क्लबाची बैठक आंब्याखाली बसली. चेअरमन या नात्याने मी उभा राहिलो आणि बोललो, मला शब्द न् शब्द आठवतो: "बाई, तुम्ही आलात, आनंद झाला. पण शेती हा गंभीर विषय आहे. तुमचं इथे कोण ऐकणार?"

ती मूल सोडून मांडीवर घेत म्हणाली, "मास्तर, शेत कुणाचं आहे?"

"सासूबाईंचं."

"मग त्या ऐकतील. मी त्यांच्याशीच बोलायला आले. तुम्ही कशाला उठलात?"

बायका हसल्या. मी बसलो. बसलो खरा, पण ते हसू बरेच दिवस माझ्या कानात राहिलं.

गावप्रमुखांनी निवाडा दिला. त्यांना आठवत असेल. ते म्हणाले, एक हंगाम बघू. या बाईला एक शेत द्या. अर्धं ती सांगेल तसं, अर्धं आपल्या जुन्या रीतीने. खत दोन्हीकडे सारखं. तिची बाजू हरली तर तिने सायकल ओढ्याच्या पलीकडेच ठेवायची. शेत कोण देणार असं विचारल्यावर ज्यांनी हात वर केला, त्या आज तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. आणि क्लबाच्या वतीने जुन्या अर्ध्यावर लक्ष कुणी ठेवायचं? अर्थात चेअरमनने.

फाइनेसीने सासूबाईंना दोरी धरायला शिकवलं. दर गाठीला एक दाणा. खताला बाटलीचं झाकण, एका रोपाला एक झाकण. खोडापासून चार बोटं लांब काडीने भोक पाडायचं, खत टाकायचं, टाचेने माती दाबायची. गावाने तिचं नाव ठेवलं झाकणबाई. हे नाव मी ठेवलं असं काही जण म्हणतात. ते खरं आहे.

ऐन पावसातला जानेवारी आला आणि तिच्या बाजूचा मका माझ्या छातीला लागला. माझ्या बाजूचा गुडघ्याला. सासूबाई रोज बांधावर उभ्या राहून दोन्हीकडे बघत आणि घरी जात. माझ्या वर्गातली मुलं वहीत दोन रेघा काढू लागली, एक उंच, एक ठेंगणी.

मला सतराव्या प्रशिक्षणात बक्षीस म्हणून युरियाची एक पिशवी मिळाली होती. गुरुवारी बाजार असतो. सासूबाई बाजाराला गेल्या. मी मधल्या सुट्टीत शेतात गेलो आणि माझ्या बाजूच्या चार ओळींत ती पिशवी रिकामी केली. मूठ मूठ. घाईत. खोडाला चिकटून.

होय. मीच.

बसा, मामा, बसा. चटई मी आज सकाळी स्वतःच गुंडाळून दाराशी ठेवली आहे. आधी गोष्ट पुरी होऊ द्या.

त्यानंतर अकरा दिवस पाऊस आला नाही. आधी पानांची टोकं पिवळी झाली, मग कडा जळल्या, मग काही रोपं मान टाकून उभी राहिली. एकोणीस प्रशिक्षणं झालेल्या माणसाला खत खोडापासून किती लांब टाकायचं ते पाठ होतं. पाठ होतं, हाताला माहीत नव्हतं. हाताने कधी केलंच नव्हतं.

पण गावाने काय पाहिलं? त्या चार ओळी नेमक्या तिच्या बाजूला लागून होत्या. कुणीतरी म्हणालं, झाकणबाईच्या बाजूची आग इकडे पसरली. दुसरा म्हणाला, तिचं ते झाकणातलं औषध जमिनीतून सरकतं. संध्याकाळपर्यंत ती चेटकीण व्हायचीच काय ती राहिली होती. दुसऱ्या दिवशी आंब्याखाली सभा भरली. तिची सायकल आधीच ओढ्याच्या दिशेला तोंड करून ठेवलेली होती. कुणी ठेवली देव जाणे.

मला एक वाक्य बोलायचं होतं. 'ते मी केलं.' एवढंच. मास्तर आहे, वाक्यं बनवणं माझा धंदा. मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडे बघत बसलो. कारण मी बोललो असतो, तर सासूच्या पिकाला हात लावणारा जावई म्हणून माझी चटई त्याच दुपारी बाहेर आली असती. एनेलेसी आणि आमची मुलगी तियामिके आत, मी बाहेर. तियामिके तेव्हा चार वर्षांची होती. मी हिशोब केला: तिची सायकल की माझी चटई? आणि मी गप्प बसलो.

गावप्रमुखांनी विचारलं, "बाई, तुझं काय म्हणणं?"

फाइनेसी उठली. तिच्या तळहातावर कोरडी माती होती आणि मातीत पांढरे दाणे. ती म्हणाली, "आग पसरली नाही. खत खोडाला चिकटून पडलंय. हे बघा."

"कुणी टाकलं?"

"मला माहीत आहे," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. कोंबडी दाणा टिपते तेवढा वेळ.

मंडळी, त्या क्षणी तिच्या हातात काय होतं? माझं नाव. ते उच्चारलं असतं तर तिची जागा पक्की होती आणि मी गेलो असतो. ती म्हणाली, "ज्याला शिकवलेलं नाही, त्याने टाकलं. या गावात शिकवायला मी आले आहे. शिकवायचं राहिलं ते माझ्याकडून राहिलं."

"म्हणजे चूक तुझी?"

"माझी. त्या चार ओळी मला द्या. खत उकरून काढते, पाणी घालते, मध्ये घेवडा लावते. कापणीला त्यातून टोपलीभरही आलं नाही तर मी येणार नाही. बाकीचं शेत कितीही चांगलं असू दे."

म्हणजे जिंकलेलं अर्धं शेत तिने बाजूला ठेवलं आणि माझ्या जळक्या चार ओळींवर आपलं सगळं लावलं. याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. एकोणीसपैकी एकाही प्रशिक्षणात ते आलं नव्हतं.

गावप्रमुखांनी शेताच्या मालकिणीला विचारलं. त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, अर्थात गावप्रमुखांना, मला नव्हे: "ओळी तिला द्या. आणि पाणी वाहायला माणूस लागत असेल, तर घरात एक आहे. शिकलेला."

तेव्हा मला वाटलं, सहज म्हणाल्या.

पुढचं तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आणि पोट धरून हसलात. आमच्याकडे पाणी बायका आणतात. नऊ दिवस, शाळा सुटल्यावर, डोक्यावर बादली घेऊन चेअरमन ओढ्यावरून शेतात येत होते. पहिल्या दिवशी निम्मं पाणी माझ्या कॉलरमध्ये गेलं. ओढ्यावरच्या बायकांनी मला डोक्याखाली घ्यायची चुंबळ वळायला शिकवली. एकीने विचारलं, "मास्तर, याचं प्रशस्तिपत्र मिळतं का?"

फाइनेसी ओळीच्या टोकाला उकिडवी बसून एकेका खोडाभोवतीची माती बोटांनी उकरायची. तिसऱ्या दिवशी मी हळूच म्हणालो, "बाई, तुम्ही माझं नाव का नाही घेतलं?"

ती मान वर न करता म्हणाली, "नाव घेतलं असतं तर पाणी कुणी आणलं असतं? ओता. खोडावर नको हो, बाजूला. किती बोटं?"

"चार."

"मोजा."

मी मोजली. विसावं प्रशिक्षण. चहा नाही, बनपाव नाही.

कापणीला त्या ओळींतून घेवड्याची दीड टोपली आली आणि मक्याची थोडी कणसं, मधे मधे दाणे गळालेली, बोळक्या तोंडासारखी. टोपली भरली. सायकल राहिली. पुढच्या हंगामात सासूबाईंनी सगळं शेत दोरीने पेरलं, आणि ओढ्याच्या या बाजूच्या सहा आया त्यांच्याकडे दोरी मागायला आल्या. आज या खोलीत बसलेल्या चौदा सल्लागारांपैकी पाच जणींनी पहिली गाठ त्याच शेतात मारली. आता मला घरात सूचना मिळतात, एनेलेसीमार्फत: "आई म्हणते, यंदा बियाणं लवकर आणा. आई म्हणते, बांधावर काय उभे राहता, काडी घ्या." ज्ञान शेवटी आमच्या घरात योग्य दिशेने वाहू लागलं.

कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे इथे मी फाइनेसीच्या गुणांची यादी वाचायची होती. यादी खिशात आहे. चिसाले साहेबांना देतो. कचेरीत अशा याद्यांसाठी कपाट असेलच. मला त्याऐवजी आज सकाळचं सांगू द्या.

सकाळी मी हा शर्ट घालत होतो. एनेलेसी दारात उभी राहून म्हणाली, "तियामिकेचे बाबा, आई विचारतेय, आज भाषणात सांगणार आहात, की ती कणसं अजून अकरा वर्षं टांगून ठेवायची?"

"कुठली कणसं?"

ती मला हाताला धरून आईच्या स्वयंपाकघराच्या दाराशी घेऊन गेली. आमच्याकडे बियाण्याची कणसं चुलीवर धुरात टांगतात. सगळ्यांत भरलेली, सगळ्यांत देखणी. त्यांच्या शेजारी, काजळीने काळी झालेली तीन बोळकी कणसं लोंबत होती. अकरा वर्षं मी त्या दारावरून जात होतो. म्हातारीला दिसत नसेल, कुठली टांगावीत ते कळत नसेल, असं मला वाटायचं.

मी म्हणालो, "आईला माहीत होतं?"

"शेत तिचं आहे. त्यात नवी मुंगी आली तरी तिला कळतं."

"मग अकरा वर्षं बोलल्या का नाहीत?"

"बोलणार कशी? तुम्ही जावई ना."

असं आहे, मंडळी. जी रीत मला शिकवू देत नव्हती, तिनेच मला वाचवलंही. एका बाईने माझं नाव घेतलं नाही, कारण तिला मला शिकवायचं होतं. दुसरीने घेतलं नाही, कारण तिला मला लाजवायचं नव्हतं. आणि या दोन गप्प बायकांच्या मधे एक माणूस अकरा वर्षं व्यासपीठांवरून बोलत राहिला.

फाइनेसी, तुझे आभार मी कसे मानू? तू माझं घर राखलंस. त्यासाठी तू आपलं काम पणाला लावलंस, आणि हे तू कुणालाही, अगदी एनेलेसीलाही सांगितलं नाहीस. केंद्रावर तुला खुर्ची मिळेल, टेबल मिळेल, आणि कुटुंबप्रमुखाचं नाव विचारणारे कागदही मिळतील. त्या रकान्याशी थोडं भांड. तुझ्याशी भांडून कुणी जिंकलेलं मी पाहिलेलं नाही. सायकलला गावाने नवी घंटा बसवली आहे आणि मागे शेंगदाण्याचं पोतं बांधलं आहे. गाडी आली तरी सायकल घेऊनच जा.

भाषण आवरताना, बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर मनावर घेऊ नका, असं म्हणायचं असतं. बोलण्यातल्या चुका माझ्या पुष्कळ झाल्या असतील, त्यांचं मला फारसं वाटत नाही. मी क्षमा मागतो ती न बोलण्याची. आंब्याखाली जे एक वाक्य मी बोललो नाही, त्याची. गावाची मागतो, मामांची मागतो, फाइनेसीची मागतो. आणि अध्यक्ष महाशय, आणखी एका व्यक्तीची मागायची आहे, पण ते मी थेट करू शकत नाही. मी आपल्याशी बोलतो आहे. आपल्याशी बोलताना आवाज थोडा चढला आणि तिसऱ्या रांगेपर्यंत गेला, तर त्यात रीत मोडत नाही, असं मी समजतो. त्यांना सांगा, त्यांच्या चार ओळी मी जाळल्या. मला वाईट वाटतं. रोज वाटलं. कणसं ठेवायची की उतरवायची ते मालकिणीने ठरवावं, आणि चटईचंही त्यांनीच ठरवावं.

एनेलेसी उठली आहे. ती तिसऱ्या रांगेकडून इकडे येते आहे. मी कुठेही बघत नाही. ती अध्यक्षांच्या कानाशी लागली आहे. थोडं थांबू.

अध्यक्ष महाशय हसत आहेत. त्यांनी मला निरोप दिला आहे, तो जसाच्या तसा सांगतो. "चटई आत घ्या, धूळ बसते. कणसं उतरवून फाइनेसीच्या पोत्यात घातली आहेत. तिकडे बायकांना दाखवायला तिला लागतील."

म्हणजे यापुढे जिल्हाभरच्या सल्लागार बायका, खत खोडाला चिकटून टाकलं की काय होतं, हे माझी कणसं हातात घेऊन शिकतील. एकोणीस प्रशिक्षणांनंतर सरकारला माझा काही उपयोग झाला, याचं मला समाधान आहे.

आपण सर्वांनी सात मिनिटं समजून इतका वेळ ऐकलंत, मी आभारी आहे. कोंबडी शिजली आहे. आधी सत्कारमूर्तीला वाढा, मग सासूबाईंना. जावई उभ्यानेच जेवतील.